परळच्या चाळीतला दिवा आणि देशाची वीज

परळच्या चाळीतली एकच खोली. सुभेदार रामजी रात्री दोनला भीमरावांना उठवत आणि ते मिणमिणत्या तेलाच्या दिव्यापाशी अभ्यासाला बसत. हा प्रसंग आपण दर जयंतीला ऐकतो. पण याच मुलाने पुढे देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला, हे वस्तीतल्या अभ्यासवर्गात सांगितले की पोरे आमच्याकडे बघतच राहतात. शाळेच्या पुस्तकात ते नसते ना!

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी सरळ गरिबीलाच हात घातला. शेतीवर माणसांचा भार फार झाला आहे; तो उतरवायचा तर कारखाने हवेत आणि कारखान्यांना स्वस्त, मुबलक वीज हवी, अशी ती मांडणी. १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधातही हाच धागा आहे. वीज सरकारची असावी की खासगी, हा प्रश्नही त्यांनी याच कसोटीवर तपासायला लावला.

१९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आले. १९४३ च्या पुरानंतर दामोदर खोऱ्याचा विचार सुरू झाला, तेव्हा पूर रोखणे, सिंचन आणि वीज यांची एकत्र योजना त्यांनी पुढे नेली. महामंडळ झाले १९४८ मध्ये. तोवर ते कायदामंत्री होते आणि श्रेय इतरांच्या नावावर गेले. त्याआधी १९४७ मध्ये मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, हे त्यांनी लेखी मांडून ठेवले होते.

आज केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे सौरतासांतला वीजदर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. म्हणजे मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन दुपारी चालवणाऱ्याचे बिल उतरेल. पण दुपारी घरी असते कोण? आमच्या वस्तीतल्या बाया तेव्हा दुसऱ्यांच्या घरी कपडे धूत असतात. छतावरच्या सौर पॅनलला अनुदान आहे, पण भाड्याच्या खोलीला स्वतःचे छत कुठले?

विहाराला मात्र गच्ची आहे. यंदा जयंतीच्या रोषणाईचा खर्च कमी करून तिथे पॅनल बसवावेत आणि त्यातून अभ्यासिकेचे बिल भागवावे, असा ठराव आम्ही मंडळापुढे ठेवला आहे. बैठक रविवारी आहे.