बटर की मार्जरीन? दीडशे वर्षांच्या या वादाला तोंड फोडणारे मेज-मूरिएस कोण होते?

ब्रेडला बटर लावायचे की मार्जरीन? कुणी चव पाहतो, कुणी किंमत, तर कुणी कोलेस्टेरॉल. पण या वादाची सुरुवात झाली ती लोणी गरिबांना परवडत नव्हते म्हणून. त्यावर तोड काढणाऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव होते इपोलित मेज-मूरिएस.

औषधांपासून पावापर्यंत

मेज-मूरिएस यांचा जन्म १८१७ मध्ये दक्षिण फ्रान्समधील द्रागिन्यां गावी एका शिक्षकाच्या घरी झाला. तरुणपणी पॅरिसमधील रुग्णालयाच्या औषध विभागात काम करताना त्यांनी औषधांवर प्रयोग केले. पुढे ते अन्नाकडे वळले. तेवढ्याच गव्हापासून जास्त पांढरा पाव बनवण्याची पद्धत त्यांनी शोधली. या कामासाठी त्यांचा सरकारी सन्मानही झाला.

सम्राटाला हवे होते स्वस्त लोणी

त्या काळी फ्रान्समध्ये शहरे वाढत होती आणि लोणी महागले होते. सम्राट तिसरा नेपोलियन याला नौदलासाठी आणि गरीब जनतेसाठी स्वस्त, टिकाऊ पर्याय हवा होता. मेज-मूरिएस यांनी गाईंचे निरीक्षण केले. चारा कमी मिळाला तरी गाईच्या दुधात स्निग्धांश असतोच; म्हणजे तो तिच्या शरीरातील चरबीतून येत असावा, असे त्यांनी ताडले.

मग त्यांनी गुरांची चरबी कोमट ठेवून मेंढीच्या जठरातील पाचक रसाने मोकळी केली. ती दाबून तिचा मऊ भाग वेगळा काढला आणि तो दुधात घुसळला. १८६९ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. मार्जरीन या नावाचे मूळ मोत्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दात आहे.

शोध एकाचा, फायदा दुसऱ्याचा

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि कारखान्याचे काम अडले. १८७१ मध्ये ही कृती नेदरलँड्समधील लोण्याचे व्यापारी युर्गेन्स यांच्या हाती गेली. त्यांनी मोठा उद्योग उभारला. पुढे अनेक विलीनीकरणांतून हाच उद्योग युनिलिव्हरचा भाग बनला. मेज-मूरिएस यांच्या वाट्याला मात्र फारसे काही आले नाही. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले.

खरा वाद नावाचा

मार्जरीन विकायला हरकत नाही, पण लोणी म्हणून विकायचे नाही, अशी अट फ्रान्समध्ये त्यांच्या हयातीतच घातली गेली. अमेरिकेत दूध उत्पादकांच्या दबावामुळे १८८६ मध्ये मार्जरीनवर कर बसला. पिवळा रंग दिला की ते लोण्यासारखे दिसते, म्हणून काही राज्यांनी रंगावरच बंदी घातली. विस्कॉन्सिनमध्ये ती १९६७ पर्यंत होती.

आज काय बदलले?

आजचे मार्जरीन प्रामुख्याने वनस्पती तेलांपासून बनते. विसाव्या शतकात तेल घट्ट करण्यासाठी हायड्रोजन वापरला जाऊ लागला. आपल्याकडचे वनस्पती तूपही त्याच तंत्रातून आले. या प्रक्रियेत तयार होणारे ट्रान्स फॅट हृदयाला घातक असल्याचे नंतर स्पष्ट झाले, तेव्हा अनेक देशांनी त्यावर मर्यादा आणल्या.

ब्रेडला काय लावायचे, ही ज्याची त्याची आवड. पण पाकिटात नेमके काय आहे, हे ग्राहकाला कळलेच पाहिजे. मेज-मूरिएस यांच्या काळात सुरू झालेला हा आग्रह आजही तितकाच लागू आहे. त्यामुळे खरेदी करताना पाकिटावरचे नाव आणि घटकांची यादी जरूर वाचा.