प्लेगवरील लसीचे जनक वाल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाने माणसे पटापट दगावू लागली. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान प्रथम केले ते गोमंतकातील हडफडे गावचे सुपुत्र डॉ. आकासियु व्हिएगश यांनी. रोग ओळखला गेला, परंतु त्यावर उपाय कोणापाशीच नव्हता. अशा वेळी सरकारने कलकत्त्याहून ज्या संशोधकाला पाचारण केले, तो वैद्यकाचा पदवीधरही नव्हता. तो होता प्राणिशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकॉव्ह हे त्यांना गुरू लाभले. तथापि झारच्या राज्यात स्वधर्म न सोडणाऱ्या ज्यू तरुणाला प्राध्यापकपद मिळणे शक्य नव्हते. म्हणून प्रथम जिनीव्हा व नंतर पॅरिस येथे ते गेले. पाश्चर संस्थेत आरंभी ग्रंथालयातील काम पत्करून फावल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर संशोधन चालविले. १८ जुलै १८९२ रोजी पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते भारतात आले आणि आग्र्यापासून कलकत्त्याच्या बस्त्यांपर्यंत त्यांनी हजारो लोकांना ती टोचली.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत त्यांचे काम सुरू झाले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावेत, त्यांच्या आधाराने जंतूंची दाट वाढ होऊ द्यावी आणि मग उष्णतेने ते जंतू मारून लस सिद्ध करावी, अशी त्यांची पद्धती होती. ज्यांना ही लस टोचावयाची त्यांच्या धर्मभावनेचीही त्यांनी जाण ठेवली. गोमांस व डुकराचे मांस कटाक्षाने टाळून रसासाठी त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. १० जानेवारी १८९७ रोजी या लसीची पहिली मात्रा त्यांनी स्वतःच घेतली व अंगावर आलेला ताप निमूटपणे सोसला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

याच सुमारास प्लेगला आवर घालण्यासाठी सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला होता. घरांची झडती, सामानाची जाळपोळ, रोग्यांना बळाने छावणीत नेणे या प्रकारांनी जनता संतप्त झाली. पुण्यातील असंतोषाचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यात झाले. हाफकिन यांचा मार्ग याहून वेगळा होता. बळजबरीने टोचणी करण्यास त्यांचा विरोध असे. समाजातील वजनदार पुरुषांनी प्रथम टोचून घ्यावे, मग बाकीचे आपण होऊन येतील, हा त्यांचा विश्वास खोजा समाजात खरा ठरला. तेथे आगाखानांनी स्वतः टोचून घेतले, आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली आणि त्यांच्या अनुयायांनी त्यांचे अनुकरण केले.

पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे १८९७ साली साथ भडकली असता २,१९७ लोकांनी लस घेतली. त्यांपैकी ३६ दगावले. लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी मात्र १,४८२ मृत्युमुखी पडले. तरीही, टोचून घेणारे मुळातच सुस्थितीतले असतील, असा आक्षेप कोणी घेऊ शकला असता. त्याचे निरसन बडोदे संस्थानातील उंढेरा या खेड्यात १८९८ च्या फेब्रुवारीत झाले. तेथे प्रत्येक कुटुंबातील माणसे रांगेने बसवून वय, स्त्रीपुरुष भेद व प्रकृती पाहून निम्म्यांना लस टोचली आणि निम्म्यांना वगळले. घर एक, अन्नपाणी एक. फरक तो केवळ लसीचा. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडून ३ मरण पावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ गेले. गावाची मोजदाद, घरवार याद्या आणि साथीनंतरची तपासणी यांचे महत्त्व या छोट्या गावाने जगाला पटवून दिले.

१८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटली गेली. परंतु यशाच्या शिखरावरच आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी टोचलेल्या १०७ लोकांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. तरीही दोष प्रयोगशाळेच्या माथी आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. सर रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडली. अखेर १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते पुन्हा कलकत्त्यास रुजू झाले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत लाभली नाही.

निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. अविवाहित असलेल्या या धर्मनिष्ठ ज्यू पुरुषाने आपली संपत्ती ज्यू धर्मपाठशाळांच्या साहाय्यार्थ ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. तत्पूर्वीच, १९२५ साली, परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले होते. ज्या संस्थेतून त्यांना अपमानित होऊन जावे लागले, तिच्याच द्वारावर त्यांचे नाव कोरले गेले. साथ दाराशी येण्यापूर्वीच गावाने सिद्ध असावे आणि ती सिद्धता लोकांच्या विश्वासावर उभारलेली असावी, हा त्यांच्या जीवनकार्याचा ठेवा आहे.