पडद्यामागची सिमोन

आमचं कर्जत म्हणजे दुष्काळी तालुका. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी विहिरीत पोहायला शिकले. काही वर्षांपूर्वी मालवणला गेलो, तेव्हा त्याच पाठीवर हवेची टाकी आली आणि हातात वॉटरप्रूफ पेटीतला हँडीकॅम! घरी येऊन टीव्हीवर पाहिलं, तर सगळं निळंहिरवं. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी हरवतो, हे नंतर कळलं. नवरा, मुलं, मासे सगळे होते. मीच कुठे नव्हते.

तेव्हा मला सिमोन कुस्तो आठवली. जन्म १९१९, फ्रान्समधल्या तुलाँचा. १९३७ मध्ये नौदलातल्या जाक कुस्तोशी लग्न झालं. तिचे वडील वायू बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यातूनच जाकची एमिल गान्यान या इंजिनिअरशी गाठ पडली आणि १९४३ मध्ये पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण तयार झालं. ते लावून बुडी मारणारी सिमोन ही पहिली बाई मानली जाते. ‘कॅलिप्सो’ बोटीसाठी तिनं दागिने विकले. बोटीवर नवऱ्यापेक्षा जास्त दिवस तीच राहिली, खलाशांची आई होऊन. त्यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ला १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ती मात्र कॅमेऱ्यासमोर यायचं टाळायची. १९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप विमान अपघातात गेला. १९९० मध्ये तीही गेली.

मागे राहायचं तिनं स्वतः ठरवलं होतं. मी नुसत्या सवयीनं राहिले. पुढच्या खेपेला कॅमेरा लेकीच्या हातात देणार!