ब्रॅडमनपासून नऊ धावा दूर

कोल्हापूर - करवीरनगरीचे नाव घेतले, की आधी आठवते ती तांबडी माती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेले खासबाग मैदान, तिथल्या कुस्त्या आणि पेठापेठांतील ईर्षेचा फुटबॉल हीच या शहराची क्रीडाविश्वातील ओळख. क्रिकेटला इथे तसा दुय्यम मान. तरीही प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाने केलेली सर्वांत मोठी खेळी एका कोल्हापूरकराच्याच नावावर आहे आणि पाऊण शतक उलटून गेले तरी ती अबाधित आहे. भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर हे ते कोल्हापूरकर. पुण्यात १९४८ च्या डिसेंबरात त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. सर डोनाल्ड ब्रॅडमन यांच्या विश्वविक्रमाशी बरोबरी करण्यास अवघ्या नऊ धावा हव्या होत्या. त्या करण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नाही.

भाऊसाहेबांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात झाला. थोरले बंधू रावसाहेब हेही प्रथम श्रेणीचे खेळाडू. उत्तम यष्टिरक्षक म्हणून त्यांचा लौकिक होता आणि १९४६ मध्ये थोरल्या पतौडींच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात त्यांची निवड झाली होती. तथापि, कसोटीत यष्टींमागे दत्ताराम हिंदळेकर उभे राहिले आणि रावसाहेब कसोटी न खेळताच परतले. एकाच घरातील दोन भाऊ कसोटीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचावेत आणि दोघांनाही तो ओलांडता येऊ नये, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

धाकट्या भावाची कारकीर्द १९३९-४० च्या मोसमात बडोद्याच्या संघातून सुरू झाली. उजव्या हाताने शैलीदार फलंदाजी, मध्यमगती मारा आणि वेळप्रसंगी यष्टिरक्षण, अशी त्यांच्या खेळाची तिहेरी बाजू होती. बडोद्यानंतर महाराष्ट्र, पुढे होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे असा त्यांचा प्रवास झाला. आजच्या वाचकाला एवढे संघ बदलणे खटकेल. पण त्या काळचे क्रिकेट ज्या आश्रयावर चालत होते, तो लक्षात घेतला, की त्याचा उलगडा होतो. क्रिकेटपटूला मानधन नव्हते, करार नव्हते, जाहिराती नव्हत्या. पोट भरायचे तर एखाद्या संस्थानाची चाकरी करावी लागे. इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांना आपल्या लष्करात हुद्दे दिले होते, ते त्यांच्या बॅटकडे पाहूनच. संस्थाने विलीन झाल्यावर ही जागा रेल्वेसारख्या खात्यांनी घेतली. जिथे अन्न तिथे खेळ, असा तो सरळ हिशेब होता.

याखेरीज एक दुर्दैव त्या संपूर्ण पिढीच्या वाट्याला आले. भाऊसाहेबांनी पदार्पण केले त्याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटले. भारतीय संघ १९३६ नंतर थेट १९४६ मध्ये कसोटी खेळला. फलंदाजाच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे अशी निघून गेली. रणजी करंडक मात्र युद्धकाळातही सुरूच राहिला आणि त्यात धावांचे डोंगर उभे राहू लागले. विजय हजारे यांनी १९३९-४० मध्ये महाराष्ट्रातर्फे नाबाद ३१६ धावा काढल्या. विजय मर्चंट यांनी १९४३-४४ मध्ये महाराष्ट्राविरुद्धच नाबाद ३५९ केल्या. पुढे पाकिस्तानकडून कसोटी खेळलेल्या गुल महंमद यांनी १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्यासाठी ३१९ धावा करताना हजारे यांच्यासमवेत ५७७ धावांची भागीदारी रचली. धावांच्या अशा सुकाळात एखाद्या निंबाळकरांकडे निवड समितीचे लक्ष जाणे सोपे नव्हते.

डिसेंबर १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात कसोटी खेळण्यासाठी आला होता. दुसरी कसोटी १३ डिसेंबरला मुंबईत संपली. तिसरी वर्षअखेरीस कोलकात्यात व्हायची होती. या दोन कसोटींच्या मधल्या फटीत, १६ डिसेंबरला, पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यातील रणजी सामना सुरू झाला. निंबाळकरांनी चारच दिवसांपूर्वी वयाची २९ वर्षे पूर्ण केली होती. महाराष्ट्राचे कर्णधार होते राजा गोखले. काठियावाडचे नेतृत्व खुद्द राजकोटच्या ठाकूरसाहेबांकडे होते. त्यांच्या पदाचा थाट खरे तर त्या वेळी नावापुरताच उरला होता. काठियावाडातील संस्थानांचे एकत्रीकरण त्याच वर्षी फेब्रुवारीत झाले होते. इकडे कोल्हापूर संस्थानही शेवटचे काही महिने मोजत होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य गेलेला राजपुत्र मैदानावर क्षेत्ररक्षण लावतो आहे आणि समोर अस्तास चाललेल्या संस्थानातील एक तरुण त्याच्या गोलंदाजांची धुलाई करतो आहे, असे ते दृश्य होते.

काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी ८१ धावांवर बाद झाला आणि तेथून पुढे निंबाळकर व के. व्ही. भांडारकर या जोडीने गोलंदाजीची दशा केली. भांडारकर २०५ धावा करून परतले, तेव्हा दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या होत्या. ब्रॅडमन आणि बिल पॉन्सफोर्ड यांनी १९३४ मध्ये ओव्हलवर केलेल्या ४५१ धावांच्या भागीदारीला त्यांनी मागे टाकले होते. दुसऱ्या गड्यासाठीचा हा विश्वविक्रम पुढे १९७४ पर्यंत टिकला. एका अर्थी त्या सामन्यात ब्रॅडमन यांचा एक विक्रम मोडलाच. लोकांच्या स्मरणात राहिला तो न मोडलेला दुसरा.

४९४ मिनिटे, ४९ चौकार आणि एक षटकार. ब्रॅडमन यांनी १९३० च्या जानेवारीत सिडनीवर क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद ४५२ धावा केल्या, त्यातही चौकार ४९ च होते. तिसऱ्या दिवशी खेळात विश्रांती झाली, तेव्हा फलकावर महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा लागल्या होत्या आणि आघाडी ५८८ ची झाली होती. विक्रम हाताशी आला आहे, याची निंबाळकरांना तोवर कल्पनाच नव्हती. विश्रांतीच्या वेळीच त्यांना ते समजले.

त्यानंतर जे घडले, त्यावर गेली अनेक दशके चर्चा होत आली आहे. महाराष्ट्राने डाव घोषित करावा, अन्यथा आपला संघ मैदान सोडेल, अशी भूमिका ठाकूरसाहेबांनी घेतली. विश्वविक्रम ज्यांच्याविरुद्ध झाला तो संघ म्हणून आपले नाव नोंदले जाऊ नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. केवळ दोन षटके द्यावीत, अशी विनंती महाराष्ट्राच्या गोटातून झाल्याचेही सांगतात. उपयोग झाला नाही. काठियावाडने सामना सोडून दिला आणि खेळाडूंनी सामान आवरून घरचा रस्ता धरला. नियमानुसार विजय महाराष्ट्राचा झाला. निंबाळकर पॅड बांधलेले, नाबाद, आणि मैदानात प्रतिस्पर्धीच नाही.

ठाकूरसाहेबांचा निर्णय खिलाडूवृत्तीला धरून नव्हता, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही. गंमत अशी, की ज्या नोंदीची त्यांना भीती होती, ती टळली नाहीच. नऊ धावा दिल्या असत्या, तर हा संघ विक्रमांच्या कोष्टकातील एक ओळ होऊन राहिला असता. न दिल्यामुळे तो आख्यायिका होऊन बसला. परंतु सगळा दोष एकाच माथी मारणेही न्याय्य नाही. फलंदाज विक्रमाकडे चालला आहे हे महाराष्ट्राच्या तंबूत कोणी मोजत असते आणि त्याच्या कानावर वेळीच घातले असते, तर नऊ धावा विश्रांतीपूर्वीच निघाल्या असत्या. त्या दिवशी त्यांचा वेग तसाच होता.

याच बाबतीत दहा वर्षांनी कराचीत घडलेली गोष्ट मुद्दाम शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. जानेवारी १९५९ मध्ये कायदे आझम करंडकाच्या उपांत्य सामन्यात कराचीच्या हनीफ महंमद यांनी बहावलपूरविरुद्ध ४९९ धावा करून ब्रॅडमन यांना मागे टाकले. हनीफ मूळचे काठियावाडातील जुनागढचे. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब कराचीस गेले. कराचीचे कर्णधार होते त्यांचे थोरले बंधू वझीर. त्यांनी विक्रमाची आठवण देऊन धाकट्याला हुरूप दिला, खेळत राहायला सांगितले आणि डाव घोषित करण्याची घाई केली नाही. तरीही नशिबाने थोडी थट्टा केलीच. फलक त्यांच्या धावा दोनने कमी दाखवत होता आणि पाचशेवी धाव घेताना हनीफ धावचीत झाले. तरी विश्वविक्रम त्यांच्या पदरात पडला, कारण तो गाठेपर्यंत त्यांना खेळू देणारे कोणी तरी होते. ब्रायन लारा यांच्या नाबाद ५०१ पर्यंत, म्हणजे १९९४ पर्यंत, तो टिकला.

पुण्यातील खेळीची वार्ता ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. ब्रॅडमन यांनी निंबाळकरांना पत्र पाठवून ही खेळी आपल्या खेळीपेक्षा सरस असल्याचे कळविले, असे सांगितले जाते. भारतीय निवड समितीचे मत मात्र बदलले नाही. वेस्ट इंडीजविरुद्धच्या उरलेल्या तीन कसोटींपैकी एकीतही निंबाळकरांना स्थान मिळाले नाही. हजारे, अमरनाथ, मोदी, फडकर, अधिकारी अशी मधली फळी तेव्हा भक्कम होती, हे खरे. पुण्याच्या खेळपट्टीवर धावा स्वस्त होत्या, असाही आक्षेप होता. त्याला आधार नव्हता असे नाही. त्याच मोसमात पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या उपांत्य सामन्यात तब्बल २३७६ धावा झाल्या आणि तो प्रथम श्रेणीचा उच्चांक ठरला. पण धावा स्वस्त असतानाही चारशेच्या पुढे एकच जण गेला. पुढील मोसमात राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला आली. भारताची टोपी त्याहून जवळ कधीच आली नाही.

त्यांनी खेळ सोडला नाही. सी. के. नायडूंच्या होळकर संघात ते दाखल झाले. १९५२-५३ मध्ये त्या संघाने रणजी करंडक पुन्हा जिंकला. पंचेचाळिशीपर्यंत, म्हणजे १९६४-६५ च्या मोसमापर्यंत, त्यांनी प्रथम श्रेणीचे सामने खेळले. ८० सामन्यांत ४७.९३ च्या सरासरीने ४८४१ धावा, १२ शतके आणि ५८ बळी, ही त्यांची एकूण कमाई. रणजीतील त्यांची सरासरी ५६.७२ आहे. याहून कमी सरासरीवर अनेकांनी कसोट्यांमागून कसोट्या खेळल्या. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २००२ मध्ये त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

चारशेचा टप्पा ओलांडूनही कसोटी न खेळलेला फलंदाज म्हणून त्यांचे नाव अनेक वर्षे एकटेच राहिले. इंग्लंडमध्ये सॅम नॉर्थईस्ट याने २०२२ मध्ये नाबाद ४१० धावा केल्या, तेव्हा त्यांना जोडीदार मिळाला.

उत्तरायुष्य भाऊसाहेबांनी कोल्हापुरातच काढले. ११ डिसेंबर २०१२ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना ९३ वर्षे पूर्ण व्हायची होती. त्याआधी महिनाभर पुण्यातच महाराष्ट्राच्या केदार जाधवने रणजीत ३२७ धावा केल्या होत्या. पुढे जानेवारी २०२३ मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ आसामविरुद्ध ३७९ पर्यंत पोहोचला. रणजीच्या इतिहासातील ती दुसऱ्या क्रमांकाची खेळी. निंबाळकरांपासून ६४ धावा दूर.