कचऱ्यातून माती घडवणारे सर अल्बर्ट हॉवर्ड

शहरात गच्चीवर किंवा गॅलरीत भाजीपाला पिकवू पाहणाऱ्यांची पहिली अडचण असते ती चांगल्या मातीची. घरातील ओल्या कचऱ्याचे खत करून ती सुधारावी, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. या सल्ल्यामागील शास्त्राला होळकरांच्या इंदुरात नेटके रूप दिले ते सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी.

इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात १८७३ मध्ये एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमधील शिक्षण आणि वेस्ट इंडीजमधील नोकरी यानंतर १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाचे सुधारित वाण तयार केले. सरकारी शास्त्रज्ञ असूनही हॉवर्ड यांनी गावच्या शेतकऱ्यांनाच गुरू मानले. निकोप मातीतील पीक रोगाला सहसा बळी पडत नाही, असे त्यांचे मत बनले.

१९२४ मध्ये इंदूरला नवी संशोधन संस्था उभी राहिली. काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा आणि हवा खेळावी म्हणून ढीग तीनदा उलथायचा. सुमारे तीन महिन्यांत सूक्ष्म जीव त्याचे भुसभुशीत खत करीत. ही 'इंदूर पद्धत' हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. मात्र ते पाहण्यास गॅब्रिएल हयात नव्हत्या. १९३० मध्येच त्यांचे निधन झाले होते. पुढे शहरातील केरकचरा आणि मैला यांच्यासाठीही ही पद्धत वापरली गेली.

१९३४ मध्ये हॉवर्ड यांना 'सर' हा किताब मिळाला. १९४० मधील 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ त्यांनी गॅब्रिएल यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यात रासायनिक खतांवर केलेली टीका अनेक शास्त्रज्ञांना रुचली नाही आणि तो वाद अद्याप शमलेला नाही. १९४७ मध्ये हॉवर्ड यांचे निधन झाले.

कुंडीतील माती मोजकीच असते. प्रत्येक तोडणीबरोबर तिचा कस उतरतो आणि पाण्याबरोबरही काही पोषक द्रव्ये वाहून जातात. मातीतून जे घेतले ते मातीला परत द्यावे, हा हॉवर्ड यांचा नियम म्हणूनच शेतापेक्षा कुंडीला अधिक कठोरपणे लागू पडतो.