हाल्डेनसाहेब आणि काकांची व्हॅन

जॉन स्कॉट हाल्डेन हे नाव आपल्याला कुठल्याच सेमिस्टरला येत नाही. मलाही ते कळलं काकांच्या व्हॅनमुळे.

आमचं गाव पारगाव, तालुका आंबेगाव. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, व्हॅनमध्ये बसलो, आणि धुराचा असा उग्र वास आला की डोळे चुरचुरले. कारखान्याचा सीझन, रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर. त्यामुळे वास बाहेरचाच, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. काकांनी उपाय म्हणून डॅशबोर्डवर अत्तराची बाटली चिकटवली होती! त्यांचा धाकटा, चार वर्षांचा, मागच्या सीटवर असायचा. मंचर येईपर्यंत पेंगायचा, मग उलटी. त्याला गाडी लागते, असा आजीचा निकाल. काकूंचंही डोकं दुखायचं, पण काकूंच्या डोकेदुखीकडे कोण लक्ष देतो?

होस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत सहज एक पुस्तक चाळत होतो, तिथे हाल्डेनसाहेब भेटले.

जन्म 1860, एडिंबरोचा. 1884 साली डॉक्टर झाले, पण दवाखाना काही थाटला नाही. त्यांना वेड हवेचं. डंडी शहरातल्या गरिबांच्या कोंदट खोल्या, शाळा, गटारं, जिथे श्वास घ्यायला त्रास तिथे हे बाटल्या घेऊन हजर. मग कोळशाच्या खाणी. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात ना? ऑक्सिजन कमी झाला की माणसाच्या आधी दिवा विझतो. खाणीतही तोच भरवसा होता. हाल्डेननी दाखवलं की स्फोटानंतरच्या हवेत हा भरवसा जीव घेतो. तिथे मारणारा असतो कार्बन मोनॉक्साइड, आणि त्यात दिवा मजेत जळत राहतो. त्याला रंग नाही, वासही नाही.

हे त्यांनी स्वतःवर करून पाहिलं. 1895 च्या सुमाराला प्रयोगशाळेत बसून हा वायू मिसळलेली हवा ओढायची, मधूनमधून आपल्याच रक्ताचा थेंब तपासायचा, आणि पाय लटपटेपर्यंत थांबायचं नाही! रक्तातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन या वायूने अडवलं तेव्हा कुठे थांबले. कारण असं की हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून जास्त. जानेवारी 1896 मध्ये वेल्समधल्या टायलरस्टाउनच्या खाणीत स्फोट होऊन 57 माणसं गेली. तपास यांच्याकडेच आला. बहुतेक जण स्फोटाने नव्हे, नंतर पसरलेल्या या वायूने गेले, हे त्यांनी दाखवून दिलं.

मग त्यांनी सुचवलं, खाणीत उतरताना उंदरासारखा छोटा जीव सोबत न्या. पुढे कॅनरी पक्षी आला, आणि ब्रिटनच्या खाणीत तो थेट 1986 पर्यंत राहिला. छोट्या जीवाचा श्वास भराभर चालतो, म्हणून विष त्याला आधी चढतं. तो कोलमडला की माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो.

इथे मी पुस्तक मिटलं आणि काकांना फोन लावला. मागच्या सीटवरचा धाकटा डोळ्यापुढे आला होता. धुराला जो वास येतो तो अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा वगैरे. कार्बन मोनॉक्साइड त्याच्याबरोबर गुपचूप येतो. अत्तराने आपण फक्त राखणदाराचं तोंड दाबलं होतं. काचा उघड्या ठेवा आणि पोराला आता व्हॅनमध्ये बसवू नका, एवढं सांगितलं. काका आधी हसले, पण ऐकलं.

शनिवारी मीही गेलो. मिस्त्रीने गार इंजिन चालू करायला लावलं. पुढच्या सीटखालून टिकटिक आवाज. त्याने सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबलं, तर सीटखालून फुसफुस! मॅनिफोल्डचं पॅकिंग जळून फट पडली होती, भोवती काजळीचा काळा पट्टा. शिवाय मागच्या दाराचं रबर फाटलेलं. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथे धूर घुटमळतो आणि अशा फटीतून आत शिरतो. दोन्ही बदललं, कार्बोरेटरही साफ करून घेतला. अर्ध्या दिवसाचं काम.

हाल्डेनसाहेबांचं पुढचं आयुष्य याहून भारी आहे. 1905 मध्ये त्यांनी दाखवलं की आपला श्वास मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर चालतो. 1908 मध्ये पाणबुड्यांना टप्प्याटप्प्याने वर आणायची कोष्टकं दिली. 1915 मध्ये युद्धात विषारी वायू सुटला तेव्हा तपासायला पंचावन्नाव्या वर्षी आघाडीवर गेले. अगदी शेवटी, पंचाहत्तरीत, इराण-इराकच्या तेलक्षेत्रात उष्माघाताचा अभ्यास करून आले आणि 1936 मध्ये न्यूमोनियाने गेले. लहानपणी वडिलांबरोबर खाणीत उतरणारा त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन हाही मोठा शास्त्रज्ञ झाला, 1957 साली भारतात आला, इथलाच नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.

नंतरच्या खेपेला धाकटा मंचरपर्यंत उसाचे ट्रॅक्टर मोजत आला. काकूंचं डोकंही दुखलं नाही. अत्तराची बाटली मात्र काकांनी अजून काढलेली नाही.