बाबासाहेब आणि देशाची दुसरी राजधानी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सैन्यात सुभेदार. कोलंबिया आणि लंडनचे शिक्षण, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, राज्यघटना, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण देशाच्या संरक्षणाची त्यांना किती काळजी होती, हे किती जणांना माहीत आहे?

१९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. प्रकृती ढासळत होती, तरी १९५५ साली त्यांनी भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिले. त्यात साधा सवाल केला. दिल्ली शत्रूच्या बॉम्बच्या टप्प्यात आहे, मग युद्धात सरकार जाणार कुठे? कलकत्ता तिबेटच्या सरहद्दीला जवळ, मुंबई समुद्रकाठी उघडी. म्हणून हैदराबाद, सिकंदराबाद व बोलारम मिळून केंद्राच्या ताब्यात दुसरी राजधानी करा. हिवाळ्यात सरकार दिल्लीत, एरवी हैदराबादेत ठेवा. दक्षिणेच्या माणसाला दिल्ली लांब पडते, तिथली थंडी सोसत नाही. त्यालाही सरकार आपले वाटले पाहिजे.

१९६२ साली चीनने हल्ला केलाच. आता क्षेपणास्त्रांपुढे हैदराबादही टप्प्याबाहेर नाही. पण दक्षिणेच्या आपलेपणाचा मुद्दा तसाच आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बंधू-भगिनींनो, महापेहून चैत्यभूमीला जातो तेव्हा आपण फोटो आणतो. यंदा हे पुस्तकही आणू या, अन् पोरांना वाचायला देऊ या. बाबासाहेब फक्त आपले नव्हते, अख्ख्या देशाचे होते.

जय भीम!